एक्कावन्न आणि एक्कावन्न-आर

मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये नवीन आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच महिन्यात काही गोष्टी कळतात. कोथिंबीर कुठल्या दुकानात ताजी मिळते, मुलांना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि थंडीत गाडी सुरू झाली नाही तर शैलजामावशींकडे जायचं.

शैलजा बोंद्रे गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरवर असतात. काळा पोलो शर्ट, छातीवर नावाची पट्टी, कपाळावर बारीक टिकली, आणि पाठीमागे भिंतभर बॅटऱ्यांची रांग. बॅटरी हवी म्हणून कुणी आलं की कंप्युटरकडे वळण्याआधी त्या विचारतात, "गाडी आणलीय का? नसेल तर जुनी बॅटरी आणलीय का?" दोन्ही नसेल, तर त्या स्वतः जॅकेट चढवायला लागतात.

आठ वर्षांपूर्वी हे काहीच नव्हतं, आणि शैलजा कुणाची मावशीही नव्हती.

सांगलीला असताना तिनं चार वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली होती. मग अरुणला डेट्रॉइटजवळ नोकरी मिळाली, आणि पाच वर्षांच्या निधीचा हात धरून तीही आली. अरुणच्या व्हिसावर काम करता येत होतं, तिच्या व्हिसावर नाही. दोन-तीन वर्षांत ग्रीन कार्ड होईल, असं वकील म्हणाला होता. बारा वर्षं लागली. एवढ्या वर्षांत ती रिकामी बसली असं कुणी म्हणू शकलं नसतं. रविवारच्या मराठी शाळेत तिनं मुलांकडून बाराखडी घोटून घेतली, मराठी मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांच्या मोदकांची उकड काढली, निधीच्या सायन्स फेअरचे तक्ते रंगवले. पण कुठलाही फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी तिचं पेन थांबायचं. शेवटी कार्ड हातात आलं तेव्हा ती पंचेचाळिशीला आली होती. इंटरव्ह्यू घेणारे तिचा सांगलीपर्यंतचा रेझ्युमे वाचायचे आणि नम्रपणे विचारायचे, "आणि त्यानंतर?"

निधी पेन्सिल्व्हेनियाला कॉलेजला गेली. घरात दिवसभर फक्त हीटरचा आवाज. त्या ऑक्टोबरात शैलजा वायपर घ्यायला या दुकानात आली आणि दारावर 'माणसं हवी आहेत' अशी पाटी बघून आत गेल्यावर वायपरऐवजी अर्ज मागून बसली.

मॅनेजरनं तिथंच उभ्या उभ्या विचारलं, "गाड्यांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"गाड्यांबद्दल काहीच नाही," ती म्हणाली. खोटं बोलून काय उपयोग होता! मग तिची नजर मागच्या भिंतीवर गेली. "पण त्या बॅटरीच्या आत काय चालतं ते सांगू शकते."

आणि तिनं सांगितलं. शिशाच्या पट्ट्या, सल्फ्युरिक आम्ल, बॅटरी वापरली की पट्ट्यांवर सल्फेट कसं धरतं, चार्ज केली की ते कसं विरघळतं, थंडीत हे सगळं मंद का होतं. वर्गात सांगायची तसंच, हातवारे करत. मॅनेजर ऐकत होता की नाही कोण जाणे, पण शेल्फवर ऑईलचे डबे लावणारा एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस हातातला डबा तसाच धरून वळून उभा राहिला होता.

"हिला घे," तो मॅनेजरला म्हणाला. "एकतीस वर्षं मी बॅटऱ्या विकतोय. आत काय असतं ते आज कळलं."

तो ड्वेन. डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, तिथंच वाढलेला काळा माणूस, साठी ओलांडलेला. प्रत्येक बाईला 'मिस' आणि प्रत्येक पुरुषाला 'सर' म्हणणारा. शैलजा हे नाव त्याला पेललं नाही, तेव्हा त्यानं 'मिस शैल' केलं आणि तेच दुकानात रुळलं.

अरुणला आधी धक्का बसला. तो गाड्यांच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर लिहायचा, पण गाडीचं हुड, म्हणजे पुढचं झाकण, आयुष्यात दोनदा उघडलं असेल. "काउंटरवर? उभ्यानं?" एवढंच तो म्हणाला. मंडळाच्या दिवाळीत एक काकू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वेळ जातो ना, तेवढं पुष्कळ." शैलजा हसली. पण पहिल्या दिवशी नाव कोरलेली पट्टी तिनं तीनदा काढून पुन्हा सरळ लावली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत थंडीची लाट आली. फॅरनहाइटचा पारा शून्याच्या खाली गेला, शाळा बंद झाल्या, आणि ज्या ज्या गाडीची बॅटरी दमलेली होती ती त्या आठवड्यात बसली. दुकानाची रांग दारापर्यंत. त्या रांगेत मिसेस नोव्हाक होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्याला लोकरीचा रुमाल. गाडी घरीच अडकली होती म्हणून शेजाऱ्याच्या गाडीतून आल्या होत्या. शेजारीच बॅटरी बसवून देणार होता. गाडी कुठली, साल कोणतं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. दहा वर्षांची होंडा.

कंप्युटरनं नंबर दाखवला: ५१-आर. शैलजानं शेल्फवरून बॅटरी उचलली, पावती केली, "सांभाळून जा हं" म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

तासाभरानं ड्वेन शेल्फपाशी उभा राहून डोकं खाजवत होता. "मिस शैल, कंप्युटर म्हणतो एक्कावन्न दोन आहेत. इथं एकच आहे. आणि एक्कावन्न-आर एक जास्त आहे."

शैलजा धावत शेल्फपाशी आली. दोन्ही बॅटऱ्या शेजारीशेजारी असायच्या. लांबी तीच, रुंदी तीच, उंची तीच. डोळे मिटून हात फिरवला तर फरक कळणार नाही. फरक एवढाच, की एकीचा प्लस जिथं असतो तिथं दुसरीचा मायनस. तो 'आर' म्हणजे रिव्हर्स, उलट्या बाजूंचा. गाडीतल्या तारा मोजून मापून कापलेल्या असतात, त्या आपापल्या जागीच पोचतात. चुकीची बॅटरी ठेवली तर प्लसच्या तारेसमोर मायनस येऊन बसतो, आणि बसवणाऱ्यानं खुणा न बघता तसंच जोडलं तर गाडीतली विजेची निम्मी यंत्रणा जळू शकते.

तिनं पावतीवरचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला.

"ते बाहेर असतील. गाडीपाशी," ड्वेन म्हणाला. त्यानं ५१-आर काखोटीला मारली, मॅनेजरला म्हणाला, "सर, अर्धा तास काउंटर तुम्ही बघा," आणि उत्तराची वाट न बघता आपल्या पिकअप ट्रकची किल्ली काढली.

रॉचेस्टर रोडवरून जाताना शैलजा पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. मिसेस नोव्हाकच्या घरापुढे होंडा उभी होती, हुड वर, आणि एक लाल टोपीवाला म्हातारा शेजारी तिच्यावर वाकून काहीतरी ठोकत होता. ट्रक थांबायच्या आधीच शैलजानं दार उघडलं.

"थांबा! जोडू नका! मारू नका!" पहिलं तिनं इंग्रजीत म्हटलं, बाकीचं मराठीत, आणि ते त्या म्हाताऱ्याला नेमकं कळलं.

तो हातोडी धरून सरळ झाला. "ही तारेची कडी बसतच नाही," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "लहान पडतेय."

ड्वेननं वाकून बघितलं आणि हळूच शीळ घातली. प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो, आणि तारांच्या टोकाची कडीही त्याच मापाची. म्हाताऱ्यानं मायनसची बारीक कडी प्लसच्या जाड खांबावर बसवायला घेतली होती. ती बसेना म्हणून हातोडी आणली होती. त्या मिलिमीटरभर फरकानं गाडी वाचवली होती.

शैलजाला वाटलं, आता ड्वेन पुढं होईल आणि सगळं नीट करील. तो पुढं झाला नाही. त्यानं खिशातून पाना काढून तिच्या हातात दिला.

"मी? मी कधी..."

"मी इथंच आहे," तो म्हणाला. "तुम्ही करा. एकदा हातानं केलंत की पुन्हा कधी चुकणार नाही."

पाना इतका गार होता की मोजा असूनही बोटं बधिर झाली. ड्वेन सांगत गेला, ती करत गेली. चुकीची बॅटरी उचलून बाहेर. आता खाली बघा, बॅटरी बसते तो ट्रे साफ आहे का? कडी बघा. कड्यांवर पांढरट-निळसर भुकटी जमली होती. ती कसली, हे मात्र शैलजाला कुणी सांगावं लागलं नाही. "हे सल्फेट आहे," ती म्हणाली, आणि मिसेस नोव्हाककडे वळून विचारलं, "घरात खाण्याचा सोडा आहे का? आणि गरम पाणी?"

ड्वेनच्या दाढीत हसू फुटलं. त्यानं डबीतला ब्रश पुढं केला.

सोडा आणायला ती मिसेस नोव्हाकच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, तेव्हा तिला ते दिसले. टेबलापाशी खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ कोट-टोपी घालून, बुटांच्या नाड्या बांधून, मांडीवर लहान पिशवी घेऊन बसले होते. "माझे मिस्टर, फ्रँक," मिसेस नोव्हाक म्हणाल्या. "तीन वाजता डायलिसिस असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार." भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

शैलजा बाहेर आली ती वेगळ्याच हातांनी. सोड्याचं पाणी ओतल्यावर कड्या फसफसल्या, पुसल्यावर धातू चमकला. ५१-आर ट्रेमध्ये ठेवली. या वेळी प्लस आपल्या तारेसमोर, मायनस आपल्या तारेसमोर, जणू जागा त्यांचीच वाट बघत होती. बॅटरी धरून ठेवणारी वरची पट्टी आवळली. मग बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघितली, हलली नाही. आधी प्लस, शेवटी मायनस. मिसेस नोव्हाक आत बसल्या, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फक्त रेडिओ काही बोलेना, बॅटरी बदलल्यावर मागतो तसा कसला तरी कोड मागत राहिला.

"राहू दे," मिसेस नोव्हाक म्हणाल्या. "फ्रँक फार मोठ्यानं लावतो."

जाताना त्यांनी काच खाली केली. शैलजानं कितव्यांदा तरी माफी मागितली. "चुका मला आयुष्यभर पुष्कळांनी विकल्या," त्या म्हणाल्या. "पाठीमागे धावत आलेली तू पहिलीच." आणि गाडी वळवून नवऱ्याला घेऊन गेल्या.

परतताना ट्रकमध्ये शैलजाला रडू आवरेना. ड्वेननं काही वेळ तिला रडू दिलं, मग रस्त्यावरची नजर न काढता आपली गोष्ट सांगितली. पहिल्याच वर्षी त्यानं एका पाद्रीबाबांना दीड इंच जास्त उंच बॅटरी विकली होती. बसली छान. हुड लावलं तेव्हा त्याचा पत्रा दोन्ही खांबांना टेकला, आणि चर्चच्या दारात धूर. "रविवार होता, मिस शैल. सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी. त्या दिवसापासून मी आधी हुडच्या खाली हात घालून बघतो, मग कंप्युटर."

ती रडता रडता हसली. मॅनेजरनं विचारलं तेव्हा ड्वेन म्हणाला, "आमच्या दोघांकडून चूक झाली, आम्ही दोघांनी निस्तरली." 'दोघांकडून' हा शब्द त्यानं किती सहज म्हटला, हे तिला घरी जाऊन अरुणला सांगताना जाणवलं. अरुण पोळी तोडता तोडता थांबला. "म्हणजे तू स्वतः बदललीस? पान्यानं?" आणि मग, पुढची पोळी वाढून घेताना, "आपल्या गाडीची कुठं असते गं बॅटरी?"

त्या हिवाळ्यात ड्वेननं तिला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. जुन्या बॅटरीवरचा नंबर हा पुरावा समजू नका, आधीच्या मालकानंही चुकीची घातलेली असू शकते. गाडीचं मॅन्युअल काढा. विकण्याआधी बॅटरी कधी बनली त्याचा शिक्का वाचा. आठ महिने शेल्फवर पडलेली नवी बॅटरी नवी नसते. मिशिगनमध्ये गारठ्यात इंजिन फिरवायची ताकद किती तो आकडा बघा, गाडी बनवणाऱ्यानं सांगितलाय त्याच्या खाली कधी जाऊ नका. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्या आल्या आहेत, त्यांना साधी बॅटरी देऊ नका, वर्षात मरेल. आणि गिऱ्हाईक घाईत असेल तेव्हा तुम्ही सावकाश व्हा. याच्या बदल्यात ती त्याला सल्फेटची समीकरणं पावतीच्या मागं लिहून दाखवायची. तो त्या पावत्या घरी न्यायचा.

हळूहळू ट्रॉयमधल्या मराठी घरांत बातमी पसरली. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नागपूरचा परीक्षित आणि त्याची बायको रेणू दुकानात आले. दोघं कंपनीतून परस्पर आलेले, गळ्यात अजून ओळखपत्रं.

"मावशी, सगळ्यात मोठी आणि पॉवरफुल द्या," परीक्षित म्हणाला. "यार, रोज सकाळी हे टेन्शन नको. ऑनलाइन रिव्ह्यू वाचून मी एक शॉर्टलिस्ट पण केलीय."

"तुझ्या पायाचं माप काय रे?"

"नऊ. का?"

"मग बारा नंबरचा बूट घेतलास तर जास्त पळशील का?" ती काउंटरच्या बाहेर आली. "चल, गाडी दाखव."

बाहेर हुड उघडल्यावर तिनं रेणूला जवळ बोलावलं. ट्रे दाखवला, पट्टी दाखवली, हुडच्या आतल्या बाजूपर्यंत किती बोटं जागा आहे ते तिलाच हात घालून मोजायला लावलं. परीक्षितच्या यादीतली बॅटरी दोन बोटं जास्त उंच निघाली असती. वर गाडी सिग्नलला बंद होणारी, म्हणजे साधी बॅटरी चालणारच नव्हती. रेणूनं मॅन्युअल काढून नंबर वाचला, शैलजानं शेल्फवरून तीच आणली, आणि पाना रेणूच्या हातात दिला.

"मी करू?" रेणूचे डोळे मोठे झाले.

"मी इथंच आहे गं," शैलजा म्हणाली.

रेणू या देशात डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे शैलजासारखीच नवऱ्यापाठोपाठ, आलेली होती. कामाची परवानगी आणि गळ्यातलं ओळखपत्र महिन्याभरापूर्वीच मिळालेलं. हे तिनं पट्टी आवळता आवळता आपण होऊन सांगितलं, आणि शैलजानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

ड्वेन त्याच वसंतात निवृत्त झाला आणि टोलेडोला मुलीकडे राहायला गेला. शेवटच्या दिवशी केक झाला, भाषणं झाली, गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि शैलजाला जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत सव्वा वर्ष गेलं. गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीनं तिला पत्र दिलं: आसपासच्या अकरा दुकानांतल्या नव्या लोकांना बॅटरीचं शिक्षण आता तिनं द्यायचं. पुन्हा वर्ग, पुन्हा फळा. पत्र वाचून तिनं अरुणला हाक मारली. "रविवारी टोलेडोला जायचंय."

तासाभराचा रस्ता. ड्वेन परसात होता, वाकून टोमॅटोला काठ्या बांधत. दाढी आणखी पांढरी झालेली, गुडघे कुरकुरणारे, आवाज तोच. "मिस शैल! मिस्टर अरुण, सर!" तिनं नेलेले बेसनाचे लाडू त्यानं तिथंच उभ्यानं दोन खाल्ले.

शैलजानं पत्र दाखवलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "उशीरच केला त्यांनी."

तिनं गाडीत चार वेळा जुळवलेलं भाषण एकाएकी नाहीसं झालं. ती मोडकंतोडकं बोलली. की या देशात तेरा वर्षं तिला सगळ्यांनी प्रेमानं वागवलं, पण तू काय करू शकतेस असं कुणी विचारलं नव्हतं. की त्या दिवशी त्यानं पाना स्वतःच्या हातात ठेवला असता तर बॅटरी बसली असती, पण ती दुसऱ्या दिवशी कामावर आली नसती. तिनं राजीनाम्याची वाक्यं जाताना ट्रकमध्येच मनाशी लिहून ठेवली होती. "हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "थँक यू म्हणायचं राहिलं होतं."

ड्वेननं एका टोमॅटोची काठी सरळ केली. मग म्हणाला, "त्या दिवशी माझे हात थंडीनं आखडले होते, मिस शैल. सांधेदुखी. पाना मला फिरवताच आला नसता." त्यानं हाताची माती झटकली. "पण आला असता तरी दिला असता."

अरुण मोठ्यानं हसला. शैलजा डोळे पुसत हसली.

मग ड्वेनच्या मुलीनं सरबत आणलं, आणि बोलता बोलता म्हणाली, की तिची गाडी उकाड्यात दोनदा सुरू व्हायला कुरकुरली. ड्वेन म्हणाला, "बॅटरीला मारतो उन्हाळा, आणि नाव थंडीचं होतं. पण आता मला वाकवत नाही. तज्ज्ञ आलेत, त्यांना विचार."

शैलजा उठली. पण तिच्या आधी अरुण उठला होता. त्यानं हुडची कडी शोधली, जरा चाचपडत पण स्वतःच, झाकण वर करून दांडी लावली, आणि बाजूला सरून उभा राहिला. बॅटरी मापाची होती, ताकदही पुरेशी होती, फक्त पट्टीचा नट कुणीतरी हरवला होता आणि बॅटरी ट्रेमध्ये सुटी हलत होती. ड्वेनच्या गॅरेजमधल्या डब्यात त्या मापाचा नट निघाला. तो आवळून, कड्या घासून झाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं.

निघताना ड्वेननं टोमॅटोची पिशवी अरुणच्या हातात दिली, आणि दोघांना परत वर्षभर गायब न होण्याचं वचन द्यायला लावलं. पंच्याहत्तर नंबरच्या हायवेवर आल्यावर अरुणनं विचारलं, "पहिल्या वर्गाला काय शिकवणार?"

शैलजानं पिशवीतला एक टोमॅटो काढून पुसला. "आधी त्या सगळ्यांना बाहेर पार्किंगमध्ये नेणार, हुड उघडायला," ती म्हणाली, आणि टोमॅटोचे हातानंच दोन भाग करून एक त्याच्यापुढे धरला.